बोलिंगचा प्रोग्राम आणि पालवणकर बाळू

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. आमच्या वरूडकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला कॉन्व्हेंटच म्हणतात, पण मी खरोखरच सिस्टरांच्या हाताखाली शिकलेली आहे. त्यामुळे एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांत माझा आजही गोंधळ होतो आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. मराठी विभागासाठी लेख दे म्हटल्यावर मी दोनदा पळ काढला. तिसऱ्यांदा सापडले. मग म्हटलं, ज्या माणसाने माझी दिवाळीची सुट्टी खाल्ली त्याच्यावरच लिहू. निदान त्याचे आकडे तरी मला पाठ आहेत!

गोष्ट सुरू होते आमच्या लॅबमध्ये. पाचव्या सेमिस्टरला सरांनी सगळ्यांना एकेक प्रॉब्लेम वाटला. अट एकच, आधी टेस्ट लिहायच्या आणि मग प्रोग्राम. म्हणजे उत्तर काय यायला हवं ते आधी कागदावर हाताने काढायचं, ते कोडमध्ये बसवायचं, टेस्ट नापास होताना डोळ्यांनी बघायची आणि नंतरच खरं फंक्शन लिहायला घ्यायचं. माझ्या चिठ्ठीवर एकच ओळ होती, बोलिंगचा स्कोअर काढणारा प्रोग्राम.

आता वरूडच्या मुलीला बोलिंग म्हटल्यावर काय आठवणार? मी ओव्हर, मेडन, रन, विकेट असं स्ट्रक्चर बनवलं, अॅव्हरेज काढलं, स्ट्राइक रेट काढला. आठ दिवस खपले. सबमिशनला सरांनी विचारलं, स्ट्राइक कुठे आहे? मी मोठ्या अभिमानाने स्ट्राइक रेटचं फंक्शन उघडून दाखवलं. मग त्यांनी विचारलं, आणि स्पेअर? मागच्या बाकावरची पुण्या-मुंबईकडची मंडळी जी हसायला लागली ती थांबेचनात. तेव्हा कळलं की हा मॉलमधला खेळ आहे, लाकडी गल्लीत जड चेंडू घरंगळत सोडून दहा पिना पाडायच्या. मी तो तोपर्यंत फक्त सिनेमात पाहिलेला.

तो प्रोग्रामही मी नंतर लिहिला, उगाच कोणी म्हणायला नको. दहा फ्रेम असतात. पहिल्याच चेंडूत दहाही पिना पडल्या तर स्ट्राइक, त्याचे दहा अधिक पुढच्या दोन चेंडूंचे गुण. दोन चेंडूंत मिळून दहा पडल्या तर स्पेअर, दहा अधिक पुढच्या एका चेंडूचे. टेस्टही सोप्या आहेत. सगळे चेंडू वाया गेले तर ०. दर चेंडूला एक पिन तर २०. दर वेळी पाच-पाच पाडल्या तर १५०. ओळीने बारा स्ट्राइक तर ३००. एका दुपारी झाला. पण माझ्या क्रिकेटच्या प्रोग्रामवर सरांची दया आली की काय कोण जाणे, त्यांनी तो भाग दोन म्हणून ठेवायला सांगितला. फक्त टेस्टसाठी मनाने बनवलेले आकडे चालणार नाहीत, खऱ्या बोलरचे पाहिजेत, आणि ते हाताने पडताळून दाखवता आले पाहिजेत, असं बजावलं.

दिवाळीला घरी आले तेव्हा आंबिया बहाराची संत्री तोडणीला आलेली. घरात कोणाला माझ्याशी बोलायलाही वेळ नव्हता. सापडले ते आबा, म्हणजे माझे आजोबा. शाळामास्तर म्हणून रिटायर झालेले, आणि क्रिकेट ऐकण्यात आयुष्यातली निम्मी वर्षं रेडिओला कान लावून बसलेले. आम्ही लहान असल्यापासून त्यांचा एकच हिरो, नागपूरचे सी. के. नायडू. मला वाटलं तेच नाव सांगतील. पण आबा म्हणाले, नायडू त बॅटिंगवाला झाला वं पोरी, बोलिंग पायजे त बाळूले घे. कोण बाळू, असं मी विचारल्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मी इथे लिहू शकत नाही.

'लगान' (२००१) आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलाय. त्यातला कचरा आठवा, ज्याला संघात घेण्यावरून अख्खं गाव भुवनवर उलटतं. तो सिनेमा कल्पित आहे. पालवणकर बाळू मात्र खरे होते, आणि त्यांच्या आयुष्यातला शेवट सिनेमासारखा तिसऱ्या दिवशी षटकार मारून होत नाही.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणं मूळ कोकणातल्या पालवण गावचं, म्हणून पालवणकर. जात चांभार, म्हणजे त्या काळच्या हिशेबाने अस्पृश्य. वडील लष्कराच्या नोकरीत असल्यामुळे मुलं पुण्यात वाढली, आणि गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-बॉलवर बाळू आणि धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले. शाळा फार झाली नाही, घराला पैशांची गरज होती. बाळूंची पहिली नोकरी पुण्यात पारशांच्या एका क्रिकेट क्लबात. मैदान झाडायचं, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा, पगार महिना ३ रुपये. मधूनमधून मेंबरांना बॉल टाकायचा. १८९२ च्या सुमाराला ते युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे ४ रुपये. काम तेच, शिवाय जाळ्या बांधणं आणि रेषा मारणं.

इथे त्यांना गिऱ्हाईक भेटलं. जे. जी. ग्रेग नावाचा लष्करी अधिकारी, त्या काळात हिंदुस्थानात खेळणारा सगळ्यात चांगला इंग्रज बॅट्समन. तो बाकीचे यायच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंच्या डावखुऱ्या स्पिनवर सराव करायचा. आपल्याला आउट केलं की दर वेळी आठ आणे देई, असं सांगतात. खरं असेल तर हिशेब करून बघा. महिन्यातून आठ वेळा ग्रेगला उडवलं की पगाराएवढी वरकमाई! ही माझ्या प्रोग्रामची पहिली टेस्ट होती, गंमत म्हणून.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. तासन्‌तास बॉल टाकणाऱ्या या मुलाच्या हातात बॅट मात्र कोणी देत नव्हतं. बॅटिंग साहेबांची, बोलिंग नोकराची. आपल्याकडे गल्लीतसुद्धा ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते, हे बघितलं की ते पटकन कळतं. मला तर वाटतं, बाळू एवढे भारी बोलर झाले यात त्यांच्या मनगटाचा जितका हात आहे तितकाच या नियमाचाही आहे. दुसरं काही करूच दिलं नाही.

पुण्यातल्या हिंदूंचा वेगळा क्लब होता आणि त्यांना गोऱ्यांना हरवायचं होतं. गोऱ्यांना रोज चकवणारा बोलर डोळ्यांसमोर होता, पण तो चांभाराचा. घ्यावा की नाही यावर बराच खल झाला. शेवटी जिंकायची इच्छा मोठी ठरली आणि बाळूंना घेतलं. मैदानावर सगळे त्यांनी टाकलेल्या, त्यांचा हात लागलेल्या चेंडूला हात लावत. मैदानाबाहेर मात्र चहाच्या वेळी बाकीचे पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा पीत, आणि बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या बोळक्यात. बोळकं नंतर फेकून द्यायचं. तोंड धुवायला पाणी घालायचं तर तेही अस्पृश्य नोकरानेच. जेवायला बसायची जागा वेगळी.

मी आबांना विचारलं की चेंडू चालतो आणि कप का चालत नाही? चेंडू तर तोच, घामाने ओला झालेला, थुंकी लावून घासलेला! आबांनी उत्तर दिलं नाही. ते नुसते गोठ्याकडे बघत राहिले.

आता हे लिहू की नको असा विचार करत होते, पण लिहिते. आमच्या गोठ्याच्या भिंतीला एक खुंटी आहे आणि तिच्यावर एक कप अडकवलेला असतो. कान आहे, पण काठाचा टवका उडालेला. वाडीवर तोडणीला येणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांचा तो कप. मी लहानपणापासून बघत आलेय. मला वाटायचं की त्यांना तोच कप आवडतो. त्या दिवशी मी आजीला विचारलं. आजी म्हणाली, त्याईचाच हाये तो, पयल्यापासून. तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं, आणि तेच मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी चहा न्यायचं काम मी स्वतःकडे घेतलं आणि सगळ्यांना घरातल्या स्टीलच्या ग्लासांतून दिला. काकांनी ग्लास घेतला, चहा प्यायले, आणि मग उठून हौदावर जाऊन तो ग्लास स्वतः विसळून, बाकीच्यांपासून वेगळा, पालथा ठेवला. आजी दारातून बघत होती. कोणीच काही बोललं नाही. माझा प्रोग्राम त्या रात्री झाला नाही.

असो. पुन्हा बाळूंकडे.

पुणेकरांचा संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला, तेव्हा बाळूंची धार कमी व्हावी म्हणून तिथल्या खेळपट्टीवर आधी कित्येक दिवस रूळ फिरवून ठेवला होता. तरी बाळूंनी ७ बळी घेतले. परत आल्यावर पुण्यात सत्कार झाला आणि खुद्द न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांचं जाहीर कौतुक केलं. पुढे टिळकांनीही केलं. म्हणजे व्यासपीठावर हार मिळत होता आणि पॅव्हेलियनमध्ये कप मिळत नव्हता. दोन्ही एकाच गावात!

१८९६ मध्ये पुण्या-मुंबईकडे प्लेग आला आणि त्या धामधुमीत बाळू मुंबईला आले. तिथे परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात पुन्हा तोच वाद, घ्यावा की न घ्यावा. पुन्हा घेतलं. नंतर शिवरामही संघात आला. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हा सामना मला फार आवडतो, कारण त्याची बेरीज पोरालाही जमते. हिंदू २४२ आणि १६०. युरोपियन १९१ आणि १०२. चारशे दोनमधून दोनशे त्र्याण्णव गेले (हे मी इंग्रजीत करून मग मराठीत लिहिलंय), म्हणजे १०९ धावांनी विजय. राज्य करणाऱ्यांना त्यांच्याच खेळात हरवलं म्हणून देशभर गाजला. वंगभंगाची चळवळ तापलेली असताना हा निकाल आला होता, त्यामुळे त्या १०९ धावांचं वजन जरा जास्तच होतं. पालवणकर बंधू संघात होते म्हणून समाजसुधारकांनी तेव्हा असंही दाखवून दिलं की जात बाजूला ठेवली तर काय होतं बघा. जात बाजूला ठेवली होती ती फक्त मैदानापुरती, पण ठीक आहे, तेवढंही आधी नव्हतं.

मग आलं १९११. हिंदुस्थानचा पहिला सर्व जातीधर्मांचा संघ इंग्लंडला गेला. हिंदू, पारशी, मुसलमान, शीख सगळे. कॅप्टन पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग, वय वर्षे १९! ते वर्ष पाचव्या जॉर्जच्या राज्यारोहण समारंभाचं, त्यामुळे महाराजा मैदानापेक्षा मेजवान्यांत जास्त. संघातला सर्वांत चांगला बॅट्समन केकी मिस्त्री हा त्यांचाच माणूस, तोही त्यांच्याबरोबर गेला. राहिलेल्यांनी २३ सामने खेळले. ६ जिंकले, १५ हरले, २ अनिर्णित. (६ + १५ + २ = २३. बरोबर आहे, तपासलं.) सामने एकामागून एक, विश्रांती जवळजवळ नाही, आणि बोलिंगचं ओझं पस्तिशीतल्या बाळूंवर.

त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, अॅव्हरेज १८.८४. त्यातले प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांत ७५, अॅव्हरेज २०.१२. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ बळी, जो त्यांचा आयुष्यातला सर्वोत्तम आकडा राहिला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने शतक केलं आणि तो सामना आपण एका विकेटने जिंकला. पराभूत संघातल्या बोलरला दर वेळी दोन्ही डाव पूर्ण बोलिंग मिळतेच असं नाही, हे ज्यांना क्रिकेट कळतं त्यांना सांगायला नको. तरी ११४.

आता इथे माझी इंजिनिअरिंग सुरू झाली. मला विकेट मिळाल्या, अॅव्हरेज मिळाली, पण किती रन दिले तो आकडा समोर नव्हता. टेस्टला तर रन आणि विकेट दोन्ही लागतात. मग मी उलटं गेले. एक छोटा लूप लिहिला, की ११४ ने भागून दोन दशांशांपर्यंत १८.८४ येईल असे पूर्णांक शोध. २१४७ घेतलं तर १८.८३ येतं. २१४९ घेतलं तर १८.८५. फक्त २१४८ ला १८.८४. एकच उत्तर! तसंच ७५ आणि २०.१२ साठी फक्त १५०९. म्हणजे प्रथम श्रेणी सोडून इतर सामन्यांत ३९ बळी आणि ६३९ रन, अॅव्हरेज १६.३८. रात्री साडेअकराला मी आबांना उठवून हे सांगितलं. ते म्हणाले, झोप आता.

पण संपूर्ण कारकिर्दीचं तसं झालं नाही. प्रथम श्रेणीत बाळूंचे एकूण ३३ सामने, १७९ बळी, अॅव्हरेज १५.२१. इथे लूपने दोन उत्तरं दिली, २७२२ आणि २७२३. दोघांनाही १५.२१ च येतं. म्हणजे विकेट वाढल्या की दोन दशांश पुरत नाहीत. एवढी साधी गोष्ट मला पुस्तकात वाचून कधी कळली नव्हती.

आणि पहिली टेस्ट चालवल्यावर काय आलं? १८.००. मी दोन्ही व्हेरिएबल इंट घेतले होते! सी मध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक गपचूप गायब होतो, एरर वगैरे काही नाही. टेस्ट आधी लिहिली नसती तर मी बाळूंना ०.८४ ने फुकट चांगलं करून ठेवलं असतं आणि मला पत्ताही लागला नसता. दुसरी चूक ओव्हरची. ४.३ ओव्हर म्हणजे चार दशांश तीन नव्हे, चार ओव्हर आणि तीन चेंडू. ४.३ आणि ३.४ यांची बेरीज मशीन ७.७ सांगतं. खरं म्हणजे २७ चेंडू आणि २२ चेंडू, एकूण ४९, म्हणजे ८.१ ओव्हर. त्यातही एका ओव्हरमध्ये सहा चेंडू हे मी कोडमध्ये सहा जागी लिहून ठेवलं होतं. बाळू पोरवयात होते तेव्हा इंग्लंडात ओव्हर चार चेंडूंची होती, १८८९ पासून पाचाची आणि १९०० पासून सहाची. मग तो आकडा एकाच ठिकाणी काढून ठेवावा लागला. वाइड आणि नो-बॉलसुद्धा १९८० च्या दशकाआधी बोलरच्या खात्यात धरत नसत, म्हणून त्याला एक वेगळा फ्लॅग. आणि एकही विकेट नसेल तर शून्याने भागाकार! तिथे अॅव्हरेज ० छापायची नाही, कारण ० म्हणजे जगातला सर्वोत्तम बोलर. तिथे नुसती आडवी रेघ.

इंग्लंडहून परत आल्यावर मुंबईत बाळूंचे सत्कार झाले. त्यातल्या एका सत्काराचं, अस्पृश्य समाजातर्फे झालेल्या, मानपत्र एका तरुण विद्यार्थ्याने तयार केलं होतं, असं बाळूंवर संशोधन करणारे सांगतात. तो विद्यार्थी तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात शिकत होता, वय २०, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. नाव भीमराव रामजी आंबेडकर. आम्ही या वयात लॅबच्या फाइलला मुखपृष्ठ कोणाचं चांगलं यावर भांडतो.

एवढं सगळं झाल्यावर बाळूंना हिंदू संघाचं कॅप्टनपद मिळायला हवं होतं, नाही का? त्यांच्याइतका अनुभवी आणि त्यांच्याइतके बळी घेतलेला दुसरा कोणी संघात नव्हता. वर्षामागून वर्षं गेली. १९१२ पासून मुसलमानांचा संघ येऊन तिरंगी स्पर्धेची चौरंगी झाली. शिवराम, गणपत, विठ्ठल असे तिन्ही धाकटे भाऊ वरच्या दर्जाचं क्रिकेट खेळू लागले. कॅप्टन मात्र दर वेळी वरच्या जातीचा. १९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं आणि विठ्ठल चांगला फॉर्मात असूनही त्याचा कॅप्टनपदासाठी विचार झाला नाही. तेव्हा विठ्ठल आणि शिवराम दोघांनी संघातून अंग काढून घेतलं आणि का काढलं ते लोकांसमोर मांडलं. त्याच सुमाराला गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध बोलत होते, आपल्या नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरत होतं. लोकमत फिरलं. बाळूंना परत बोलावून व्हाइस कॅप्टन केलं, आणि अंतिम सामन्यात कॅप्टन पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, म्हणजे तेवढा वेळ संघ बाळूंच्या हातात राहावा. ४४ वर्षांच्या माणसाला मिळालेलं कॅप्टनपद असं, मागच्या दाराने, काही तासांचं. मला पै यांचं वागणं चांगलं वाटतं आणि रागही येतो, दोन्ही एकदम.

१९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कॅप्टन झाला आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी जिंकली. विठ्ठलने पुढे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र लिहिलं, मराठीत. बाळूंनी स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. त्यांच्याबद्दल जे आहे ते इतरांनी सांगितलेलं, आणि धावफलक.

भारताचा पहिला कसोटी सामना जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सला झाला, आबांचे सी. के. नायडू कॅप्टन. बाळू तेव्हा ५६ वर्षांचे. म्हणून त्यांच्या नावापुढे कसोटी सामने ०. माझा प्रोग्राम त्यांच्या कसोटी अॅव्हरेजच्या जागी आडवी रेघ छापतो.

त्याच १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवड्याला पुणे करार झाला आणि त्यावर सही करणाऱ्यांत बाळूही आहेत. स्वतंत्र मतदारसंघ आणि धर्मांतर या दोन्ही बाबतींत त्यांचं आणि बाबासाहेबांचं पटलं नाही. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत राखीव जागेसाठी बाळूंना थेट बाबासाहेबांसमोर उभं केलं. ज्याने कधीकाळी मानपत्र लिहिलं तो आणि ज्याच्यासाठी लिहिलं तो! बाबासाहेबांना १३,२४५ मतं पडली, बाळूंना ११,२२५. फरक २,०२०.

इथे आबांचं आणि माझं भांडण झालं. माझं म्हणणं, बाळू चुकले. ज्यांनी आयुष्यभर बोळक्यात चहा दिला त्यांच्यावर विश्वास कशाला ठेवायचा? आबांचं म्हणणं, ज्या माणसाने बोळक्यापासून व्यासपीठापर्यंत लोकांना बदलताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, त्याला ते अजून बदलतील असं वाटलं तर ती चूक कशी? मी म्हटलं, कॅप्टनपदही काही तासांचंच मिळालं होतं ना. आबा म्हणाले, पण भावाले त पूर्ण भेटलं. आम्ही दोघंही जेवायला उशिरा बसलो. माझं मत बदललेलं नाही, पण पूर्वीइतकं पक्कंही राहिलेलं नाही.

बाळू ४ जुलै १९५५ ला मुंबईत वारले. अंत्ययात्रेला क्रिकेटपटू आणि पुढारी, दोन्हीकडची माणसं होती. नंतर मात्र फार वर्षं त्यांचं नाव कोणी काढत नव्हतं. रामचंद्र गुहा यांचं क्रिकेटच्या इतिहासावरचं इंग्रजी पुस्तक २००२ मध्ये आलं तेव्हा ते पुन्हा लोकांसमोर आले. आबांना ते पुस्तक माहीत नव्हतं. त्यांनी बाळूंचं नाव त्यांच्या वडिलांकडून ऐकलेलं, अचलपूरच्या कुठल्याशा चहाच्या टपरीवर.

सुट्टी संपून परत आल्यावर मी प्रोग्राम दाखवला. एकूण २३ टेस्ट, सगळ्या पास. (दौऱ्यातल्या सामन्यांइतक्याच झाल्या हा योगायोग, मी मोजून केलेलं नाही.) सरांनी १७९ बळींची टेस्ट बघून विचारलं की रनच्या दोन किमती का ठेवल्यास. मी लूप दाखवला. त्यांनी मान हलवली आणि विचारलं, यातली खरी कुठली? मी म्हटलं, सगळे धावफलक एकेक करून बेरीज केल्याशिवाय सांगता येणार नाही. मग कर, ते म्हणाले. सध्या १९०६ पर्यंत आलेय.